एक टेराबाइट, लाल फडक्यासकट

"उघडून बघितल्याशिवाय पोचलं म्हणायचं नाही," असं म्हणत काका दोन कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरच्या मधोमध एक लाल फडकं बांधायचे. कुणाचा पाय अडकू नये म्हणून. इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणी नवा कॉम्प्युटर घेतला, की जुन्यातलं सामान नव्यात हलवायला काकांनाच बोलवायचं असा रिवाज पडला होता. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल; पण तो फडकं घेऊन येत नसेल.

काका मूळचे नागपूरचे. इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीभर त्यांनी अवजड ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढवून, मागे लाल फडकं बांधून गावोगाव पोचवले. निवृत्तीनंतर फोटो हलवतानाही पद्धत तीच. आधी एक रिकामं फोल्डर पाठवायचं. ते पोचलं की "रस्ता मोकळा" असं जाहीर करायचं आणि मगच माल सोडायचा.

त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांचा माल हलवला, फक्त स्वतःचा नाही. आणि आम्हाला काळजी त्याचीच होती. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर शनिवारी गल्लीतल्या, हिंदी मुलखात वाढून हिंदाळलेल्या पोरांना मराठी शिकवत आणि काका त्या वर्गाचं चित्रण करत. काकी गेल्या. ते सगळे शनिवार काकांच्या जुन्या कॉम्प्युटरात, आणि फक्त तिथेच. माझी लेकही त्यात आहे. कॉम्प्युटर खडखडायला लागलेला, आणि काका दिवाळीत घर सोडून मुलीकडे नागपूरला निघालेले. आम्ही आठवण करून दिली की म्हणत, "होईल रे. घाई काहून?"

हा माणूस एरवी चालढकल करणारा मुळीच नव्हता. आमच्याकडचा माल हलवायला ते सकाळी आले, आमचा चहा व्हायच्या आत. माल जात असताना घरात मिक्सर बंद, इस्त्री बंद. माझ्या बायकोची चटणी अर्धवट वाटून राहिली.

"काका, लग्नाचे फोटो आहेत हो ते. ट्रान्सफॉर्मर नाहीत!"

"सूनबाई, ट्रान्सफॉर्मर पडला तर कारखाना दुसरा बनवतो. हे फोटो पुन्हा काढता येतील काय?"

"का नाही? नवरा आहे, शालू आहे."

काकांनी माझ्या डोक्याकडे शांतपणे बघितलं. "आणि याचे केस?"

चटणी दुपारी झाली.

माल उतरला की तपासणी. मी हिशेब खात्यातला माणूस. दोन्हीकडची फायलींची संख्या आणि आकारमान जुळलं की माझं समाधान होतं. काकांचं होत नसे. प्रत्येक व्हिडिओ सुरुवातीला, मधे आणि शेवटी उघडून बघायचा, आवाजासकट. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक बारशाला काका तीनदा हजर. वर शेरे असत. "तुझा मेहुणा सगळ्या कार्यक्रमांत जेवतानाच काहून दिसतो?" मेहुणा खरंच जेवत होता.

आमच्या शेजाऱ्यांचा धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, बिट्टन मार्केटजवळ राहतो. त्याला घरातले सगळे जुने व्हिडिओ हवे होते. एक टेराबाइट माल. मी आकडा मांडला: आमच्या इंटरनेटवरून पाठवायचा तर रात्रंदिवस नऊ दिवसांच्या वर. काका म्हणाले, "स्कूटर काढ." हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते मागे बसले. निघण्याआधी मागच्या नंबरप्लेटला लाल फडकं बांधायला विसरले नाहीत.

चौकात हवालदाराने अडवलं. "अंकल, ये लाल कपड़ा किसलिए?"

"भारी माल है."

"कहाँ है?"

काकांनी डबा जरा वर उचलला. "इसमें. आधा खानदान है."

हवालदाराने काय समजायचं ते समजून डब्याला हात जोडले आणि आम्हाला पुढे सोडलं. चाळीस मिनिटांत पोचलो. म्हणजे सेकंदाला तीन गिगाबिटांहून जास्त वेग, सिग्नलला थांबलो ते धरून. डिस्क भरायला आणि उतरवायला लागलेले तास यात धरलेले नाहीत, हे सांगितलेलं बरं.

काका आता नागपुरात आहेत. इथे त्यांच्या घरात दुसरं कुटुंब आलं आहे. पण काका जायच्या आधीच्या रविवारी मीच नवी हार्डडिस्क घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. जुन्या कॉम्प्युटरातून टकटक आवाज यायला लागला होता. म्हटलं, "काका, आता नाही तर कधीच नाही."

त्यांनी फडकं बांधलं, रिकामं फोल्डर पाठवलं, मग माल सोडला. आम्ही दोघं टकटक ऐकत बसलो. संध्याकाळी शेवटची फाइल उतरली. आकडे जुळले. तेव्हा त्यांनी माझ्या हातात हेडफोन दिला.

"तपासणी तू कर. हे कानाला लावून." आणि ते बाल्कनीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की घाई कशाची नव्हती. त्यांच्याच नियमाने प्रत्येक शनिवार उघडावा लागला असता, आणि आवाजासकट.

मी पहिली फाइल उघडली.

"उघडली?" बाल्कनीतून आवाज आला.

"उघडली."

"आवाज?"

"स्वच्छ आहे."

मग, "काय म्हणतेय?"

"माझ्या लेकीला रागावताहेत. ती म्हणाली, 'काकी, मी पानी पी लिया.'"

काका हसले. हसतच आत आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि हात लांब करून त्यांनी हेडफोनची पिन उपटली. खोलीत एकदम पोरांचा गलका भरला, आणि त्याच्या वर काकींचा आवाज चढला.

"प्यायले म्हण! आणि गप्प बसा रे सगळे. मागे ऐकू येतंय का?"

"येतंय," काका म्हणाले.