कंप्युटरवरची टोपी

सेलू तालुक्यात कंप्युटरला पयला हात लावणारा माणूस मी हाय. हातात ओलं फडकं व्हतं, आन् त्या हातामुळं तो पयले दोन दिवस चालूच झाला न्हाई.

मी कापसाच्या एका जिनिंगमधी शिपाई व्हतो. साळा म्या बघितली ती बाहेरूनच, म्हशी राखताना. तरीबी सासरवाडीला सांगून ठिवलं व्हतं की मी आता कंप्युटर खात्यात हाय. सांगणं भागच व्हतं. बायको दिवाळीला माहेरी गेली ती संक्रांत आली तरी परतली नव्हती. तिचे वडील चारठाण्याकडचे, मी त्यांला मामा म्हणतो. लय कमी बोलणारा माणूस. त्यांनी निरोप धाडला व्हता, कापसाची गाडी घिऊन सेलूला येतो, जावई काय काम करत्यात ते माज्या डोळ्यानं बघतो, मंगच पोरगी धाडतो.

आता काम काय ते सांगतो. लिव्हायचे कंप्युटर तीन व्हते. एक फाटकावर, तिथं आलेल्या गाडीचा नंबर आन् शेतकऱ्याचं नाव घालायचे. दुसरा काट्यावर, वजनाला. तिसरा कापसाची प्रत बघणाऱ्याकडं. चौथा थोरला सायबाच्या खोलीत कुलपात असायचा. कापसाची यादी एकच, ती थोरल्याच्या पोटात, आन् काळ्या वायरीतून तिघांलाबी तीच दिसायची. म्या सायबाला इचारलं, एकाच वहीत तिघं एकदम लिव्हायलेत तर हाताला हात लागत न्हाई का? सायेब हसले.

आठ दिवसांनी त्यांचं हसू गेलं. काटेवाल्यानं आन् प्रतवाल्यानं एकदमच लिव्हलं, आन् यादी बिघडली. मानवतच्या एका म्हाताऱ्याचा कापूस भलत्याच गावच्या बाईच्या नावावर चढला. त्या बाईनं तर घरून अजून गाडीबी जुपली नव्हती. ही यादी बसवणारा माणूस नांदेडचा. त्याला फोन लावला तर तो म्हणला, ही यादी एकट्या माणसासाठी केल्याली व्हती, तुमी वायर टाकून तिघांत वाटली. मी येऊन नीट करतो, तवर एका वख्ताला एकानंच लिव्हा. तो निघाला, तर नामांतरावरून बंद लागला आन् यस्टी थांबल्या.

एका वख्ताला एकच, हे खरं. पण तिघं तीन खोल्यांत. कोण लिव्हायलंय ते दुसऱ्याला कळावं कसं? वरडून सांगावं तर जिनच्या आवाजात सोताचं वरडणं सोताला ऐकू येत न्हाई.

तिथं माजी अक्कल चालली. आमच्या गावाकडं चार भावांत एक हीर हाय, मोटारबी एकच. ज्याचं पाणी चालू असंल त्यानं आपली टोपी मोटारीच्या पेटीवर ठिवायची. टोपी हाय तवर दुसरा भाऊ बटनाला हात लावत न्हाई, मंग बोलाचाली बंद का असना. म्या सायबाला म्हणलं, टोपी ज्याच्या कंप्युटरवर त्यानंच लिव्हावं, बाकीच्यांनी नुसतं बघत बसावं.

सायबानं जरा इचार केला आन् हुकूम काढला. टोपीबिगर जो लिव्हील तो घरी जाईल, असंबी बजावलं. टोपी कुणाची? हापिसात टोपी घालणारा मी एकटाच. मंग मी दिवसभर टोपी घिऊन फाटकावरून काट्यावर, काट्यावरून प्रतवाल्याकडं पळायलो. यादी बिघडायची थांबली. मी बोडका हिंडायलो, पण छाती लय फुगली व्हती. गर्दीतले लोक बाजूला व्हऊन वाट द्यायचे. टोपीला द्यायचे, मला वाटायचं मलाच.

तिसऱ्या दिवशी मामा आले. त्यांच्याम्होरं सात गाड्या व्हत्या. मी प्रतवाल्याकडून टोपी उचलून काट्याकडं निघालो व्हतो, तवर मामा समोरच. आमच्यात माणूस मयताला बोडका जातो, सासऱ्याम्होरं न्हाई. म्या टोपी झटकली, डोक्यावर घातली आन् वाकून पाया पडलो. मामांनी टोपीकडं बघून मान हलवली. मला वाटलं, निम्मं काम झालं.

म्हणलं, तुमच्या गाडीला वखत हाय, चला च्या घिऊ. गाडीवान बैलापशी थांबला आन् आमी समोरच्या हाटेलात बसलो. म्या भजे सांगितले आन् तोंड सोडलं. तिन्ही कंप्युटर माज्याबिगर हालत न्हाईत म्हणलं. ते खोटं नव्हतं. त्या घडीला तर लयच खरं व्हतं.

भज्याची दुसरी पलेट आली. मामांचं ध्यान रस्त्याकडं. सात गाड्या व्हत्या तिथंच व्हत्या, मागची रांग पार हाटेलाम्होरं आली व्हती, आन् बैलं खाली बसली व्हती.

"गाड्या कामून थांबल्यात?" मामांनी इचारलं.

"असंल आतला कुणीतरी कामचुकार," म्या म्हणलं. "जाऊन खडसावतो त्याला. भजे गरम हायेत तवर खाऊन घिऊ."

तवर काटेवाला धापा टाकत हाटेलात आला. अंगभर कापूस चिकटल्याला. आत काय चाललं व्हतं ते मला मागून कळलं. तिघं कवाचे हुडकायलेत. काट्याखाली बघितलं, कापसाच्या ढिगात हात घातले, सायबाच्या खोलीतल्या टेबलाखाली वाकून बघितलं. लिव्हायची हिंमत कुणातच नव्हती. मला कुणी हुडकलं न्हाई. टोपीच हुडकली.

काटेवाल्याची नजर माज्या डोक्यावर थांबली. तो तसाच म्होरं आला. सासऱ्यादेखत माज्या डोक्यावरची टोपी उचलली आन् पळाला.

जरा येळानं फाटकातली पयली गाडी हालली. मंग दुसरी. मामांनी गाड्याकडं बघितलं, माज्या बोडक्या डोक्याकडं बघितलं, परत गाड्याकडं बघितलं. मंग उठले आन् उपरण्याला हात पुसायला लागले.

म्या हळूच इचारलं, "मामा, मंग तिला कवा धाडता?"

"पोरीला सांगतो," मामा म्हणले, "टोपीला नोकरी लागली हाय, नवरा मोकळाच हाय. यायचं का न्हाई, तिचं तिनं बघावं."