बॅटरीमामांचं विरजण

बॅटरीमामांना मी सिनेमाला नेलं आणि मुद्दाम रिकामा खेळ निवडला. मंगळवार, दुपारी साडेबाराचा. म्हातारा माणूस, गर्दी नको, ऐसपैस बसू दे, असा आपला उदात्त विचार. ज्या माणसाने एकतीस वर्षं थेटरात काढली आणि पडद्याकडे न बघता फक्त माणसं बघितली, त्याला मी माणसं नसलेल्या थेटरात नेऊन बसवलं. देव अक्कल वाटत होता तेव्हा मी बहुतेक इंटरव्हलला वडा खायला बाहेर गेलो होतो.

मामा आमच्या जुन्या थेटरात डोअरकीपर. हातात ही लांब बॅटरी, म्हणून बॅटरीमामा. उशिरा आलेल्याच्या पायापुढे उजेडाचा ठिपका सरकवत त्याला जागेवर सोडायचं आणि परत येऊन पडद्याखालच्या दाराशी, पडद्याला पाठ करून उभं राहायचं. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडांवर पडायचा, तोच त्यांचा सिनेमा. "मामा, पिच्चर कसा हाय?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "लई भारी. काल एका पायातल्या चार चपला घावल्या." भ्यालेला माणूस पाय वर घेतो आणि सुटल्यावर तसाच पळतो, हे त्यांचं माप. विनोदी सिनेमाला एकही चप्पल राहत नाही म्हणून त्यांना विनोदी सिनेमे आवडत नसत.

सगळ्यांत लाडका सिनेमा म्हणजे रक्त पिणाऱ्या एका उमरावाचा. जुना, इंग्रजी, वर्षा-दोन वर्षांनी मॅटिनीला यायचा. पेठेत त्याला 'दातवाला' म्हणत. त्यात शवपेटीचं झाकण आतून उचललं जातं आणि आधी नुसती बोटं दिसतात. तिथे अख्खं थेटर एकदम श्वास आत ओढायचं. आठशे माणसांचा एकच श्वास. झाकण किरकिरलं की मामा बॅटरी विझवून काखेत मारायचे आणि तेवढ्यापुरते, देवळात उभं राहावं तसे, उभे राहायचे.

मी तेव्हा कॉलेजात. माझं तिकीट कुठलंही असो, मामा मला दंडाला धरून बरोबर मधल्या रांगेत मधोमध बसवायचे. मी मित्रांत टेचात सांगायचो, "आपली ओळख आहे." खरं कारण पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

"वळख कसली आलीया?" मामा म्हणाले. "सगळ्यांच्या आधी तू वरडायचास. कोंबडं धरल्यागत. दुधाला विरजण लागतंय का न्हाई? तसा थेटरला एक वरडणारा लागतोय. आन त्यो मधोमध लागतोय. कडंला बसवला की निम्मं थेटर कोरडंच ऱ्हातंय. भ्या पडद्यात नसतंय लेका, शेजाऱ्याच्या कोपरात असतंय."

पुढे थेटर बंद पडलं, तिथे फरशीचं गोदाम झालं. मामी गेल्या. लेक शिरोळला दिलेली. मामा उचगावात एका खोलीत राहायचे. खोलीत दोन खुर्च्या आणि एक टीव्ही. टीव्ही दिवसभर चालू आणि मामा त्याला पाठ करून, तोंड रस्त्याकडे. मी अधूनमधून जायचो. खरं सांगायचं तर 'येतो' म्हणून न जाण्यात मी तरबेज होतो.

दातवाल्याचा सिनेमा नव्याने काढलाय, हे मीच त्यांना सांगितलं. मामा सावरून बसले. "झाकण हाय का त्यात?"

"असेल की."

"मग ने मला. त्येवढं एकदा ऐकू दे."

इतक्या वर्षांत मामांनी मला दुसरं काही मागितलं नाही. आणि मी मंगळवारची दुपार निवडली.

आम्ही सोडून पाच माणसं. एक गृहस्थ खुर्ची आडवी करून घोरत होते. दोघांची तोंडं मोबाइलच्या उजेडात निळी. मागे दोन कॉलेजच्या मुली. मामा सवयीने पडद्याला पाठ करून बसले, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून. झाकण किरकिरलं. मुली फिस्सकन हसल्या. घोरणारे घोरत राहिले. मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चोपन्न वर्षांचा, ऑफिसात हाताखाली सहा माणसं. बोटं दिसली तसा मी रुमाल तोंडात कोंबला.

"तू बी गप?" मामा एवढंच म्हणाले.

शेवटी त्या मुलींतली एक मुसमुसून रडत होती. बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "ती पोरगी का रडत हुती रं?"

"नव्या सिनेमात तो उमराव फार एकटा असतो, मामा. शेकडो वर्षं. तिला कीव आली असेल."

मामा थोडं चालले. "एकटा हाय म्हणून रडाय काय झालं? उचगावात ये म्हणावं. माझ्याकडं दोन खुर्च्या हाईत."

मी पोट धरून हसलो. त्यांना सोडून परत येताना, उड्डाणपुलावर, मला आठवलं की त्यातल्या दुसऱ्या खुर्चीवर मी दिवाळीपासून बसलेलो नाही.

रविवारी गर्दीच्या खेळाला पुन्हा जायचं ठरवलं. शुक्रवारी मामा मोरीत घसरले आणि लेक त्यांना शिरोळला घेऊन गेली. मी तिला फोन केला, "रविवारी संध्याकाळी माझा फोन आला की मामांच्या कानाला लावा."

"आवो, पिच्चर काय फोनवर ऐकत्यात व्हय?" ती म्हणाली. पण तयार झाली.

रविवारी थेटर गच्च. मी मधल्या रांगेत मधोमध. झाकण किरकिरलं तसा फोन लावला आणि हात उंच धरला. मागून एक बाई खेकसल्या, "ओ पावणं, उजेड घ्या की खाली!" मी घेतला नाही. बोटं दिसली आणि दोनशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. तोच आवाज. मी स्वतः ऐकला. पण या खेपेला रुमाल आणलेला नव्हता, आणि मंगळवारचं ओरडणंही साठलेलं होतं.

मग फोन कानाला लावला. मामांशी ते शेवटचंच बोलणं. महिनाभरात ते गेले. त्यामुळे शब्द न् शब्द लक्षात आहे.

"मामा, ऐकलंत?"

ते म्हणाले, "नुसतं विरजणच आलं की रं, गाढवा. दूध कुठं सांडलंस?"