कडेचा घोडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नातीलाही नाही, आणि तिला तर मी माझ्या कवळीच्या फजित्याही सांगते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही गायकवाड भाऊंना ओळखत नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी तपासणीला होते. पार्ट मापात बसला नाही की त्यावर लाल ठिपका – सुपरवायझर कितीही ओरडो. भाऊ शेजारच्या लाइनवर. जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला बुद्धिबळ शिकवलं आणि पुढं तीस वर्षं हरवलं. हरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी पट मांडायचा, हा आमचा नियम. म्हणजे तीस वर्षं पट मीच मांडला.

रिटायर झाले आणि एकसष्टाव्या वर्षी – काय ती तरुण बाई, काय तिचा तोरा – आकुर्डीच्या घरी नातीच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंग शिकायला बसले. अगदी पाटीपूजनापासून. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचा आणि भाऊंची जिरवायची. दीड वर्षात तो खेळायला लागला. खेळायला म्हणजे – कडेला गेलेला घोडा कधी कधी पटाबाहेर उडी मारायचा आणि पलीकडच्या कडेनं आत यायचा. मला हे ठाऊक होतं. तरी मी सोसायटीच्या हॉलमध्ये डाव ठरवला. घोडा नेमका त्याच दिवशी कशाला कडेला जातोय, म्हटलं. लाल ठिपकेवाली बाई हे म्हणत होती, बरं का.

चौदाव्या चालीला तो गेला.

लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे. पडद्यावर चाल बघून लाकडी मोहरे मीच हलवायचे. आणि पडद्यावर घोडा भलत्याच घरात. समोर भाऊ. त्यांच्या मागं अख्खी सोसायटी, वेफर्स खायची थांबलेली. एवढंच म्हणायचं होतं – बिघडलंय. जीभ का उचलली नाही? हसले असते म्हणून? हसले असते तर काय झालं असतं?

"मशीन विचार करतंय," मी म्हणाले. आणि तिथून पुढची प्रत्येक चाल – माझी. कीबोर्डवर उगाच बोटं आपटत. कुणी माझ्या मागं येऊन उभं राहिलं तर?

कुणी आलं नाही. मी जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा.

भाऊंनी आपला राजा हळूच आडवा केला. "शाब्बास, ताई," म्हणाले. "पण मशीनपुढं आता आपलं काय काम?" पट त्यांचा होता. तो तिथंच माझ्या नातीला देऊन टाकला.

नंतर पाच वर्षं ते बागेत भेटायचे. गुडघे, कांद्याचे भाव, मुलांच्या शिफ्ट – सगळं बोलायचे. बुद्धिबळ नाही. दर वेळी शब्द ओठांपर्यंत यायचे – आणि मी कांद्याचाच विषय पुढं न्यायचे. मागच्या वर्षी ते गेले.

घोडा आता नीट चालतो. एका ओळीची चूक होती. ती मी त्याच आठवड्यात सुधारली.

ते मशीनशी नाही, माझ्याशी हरले होते. कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पट मांडायला सकाळीच आले असते. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाळी आली होती. मी ती त्यांना कळू दिली नाही.