कंदील कोणाच्या हातात होता?

त्या पाच जणांचा कंदील अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सुरतेत पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि एएसआय म्हणून निवृत्त झालो. याहून मोठी प्रकरणं हाताळली, तरी कोणी आठवण विचारली की हीच आधी येते. आता उतारवयात बी.ए.ला नाव घातलं आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हाताला सवय जबाब आणि पंचनामे लिहिण्याची, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. नावं कोणाचीच देत नाही.

शिवजयंतीच्या दिवशी ऊन उतरताना शहराच्या कडेला, पर्वत पाटियाच्या बाहेरच्या रस्त्यावर एका सायकलस्वाराला धडक देऊन एक गाडी पळून गेली. जखमी मिलमधला कामगार होता. तो शुद्धीवर येत नव्हता. साक्षीदारांना आठवत होतं ते इतकंच, की पांढरी व्हॅन होती आणि वर भगवा झेंडा. त्या दिवशी आमच्या मराठी लोकांच्या भागात झेंडा नसलेली गाडी शोधणं जास्त सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमची मराठी वस्ती आहे त्या पांडेसऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने कळवलं, की पुढचा बंपर दबलेली पांढरी व्हॅन सकाळीच आली आहे आणि मालक फार घाईत आहे. रेडिएटर उघडला तर आतून पिवळं पाणी निघालं, कोणीतरी हळद टाकून गळती थांबवली होती. ही जुनी युक्ती सगळ्या गाडीवाल्यांना माहीत असते, म्हणून तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

व्हॅनचा मालक खानदेशातून आलेल्या घरातला पोरगा. शाळेची मुलं ने-आण करून घर चालवायचा. आदल्या दिवशी तो चार मित्रांना घेऊन किल्ले बघायला आणि ज्योत आणायला गेला होता. शिवजयंतीला किल्ल्यावरून ज्योत आणायची आणि तिच्यावर आपल्या वस्तीतले दिवे लावायचे, ही पद्धत आमच्या लोकांत आहे. एरवी ज्योत घेऊन पळत येतात. या पाचांना सुट्टी एकच दिवसाची, म्हणून ज्योत गाडीतून आणायला त्यांनी कंदील नेला. पहाटे निघाले, जाताना सोनगडचा किल्ला पाहिला, मग सापुताऱ्यापलीकडचा हातगड चढले. पायथ्याच्या देवळात कंदील पेटवून परत फिरले. पर्वत पाटियाला कंदिलावरून मशाल पेटवली आणि रात्री वाजतगाजत पांडेसऱ्यात आले.

चौकीत पाचही जणांनी एकच सांगितलं. दुपारीच शहराबाहेर पोचलो, दिवेलागणीला वस्तीत जायचं म्हणून पेट्रोल पंपाजवळ थांबून राहिलो. तो पंप धडकेच्या जागेपासून जवळच होता. पंपावरच्या माणसांना त्या गर्दीतलं काही आठवत नव्हतं. मोबाईलचं लोकेशन मागवलं होतं, ते यायला वेळ होता.

आमचे पीआय साहेब गुजराती. ते मला म्हणाले, "तुझ्या पाच पांडवांना वेगवेगळं बसव. एकाला तरी घाम फुटेल."

वेगवेगळं बसवलं. गाडी कोण चालवत होतं? सगळ्यांचं उत्तर एकच, मालक. बंपर कुठे दबला? दगडाला लागून. कुठला दगड, हे मात्र कोणाला सांगता येईना. मला खात्री वाटू लागली की धडक यांनीच दिली. मग नुसता वेळ जावा म्हणून मी एकाला विचारलं, की पंपावर थांबला होतात तेव्हा कंदील कोणाच्या हातात होता.

तो चटकन म्हणाला, "माझ्या."

दुसऱ्याला विचारलं, तोही म्हणाला, "माझ्या." पाचही जण तेच म्हणाले. मालकसुद्धा.

इतक्या वर्षांत मी एवढंच पाहिलं होतं, की चौकीत माणूस दोष दुसऱ्याकडे ढकलतो. भाऊसुद्धा भावाकडे ढकलतो. इथे धडकेबद्दल कोणी फारसं बोलत नव्हतं आणि कंदील मात्र जो तो आपल्याकडे ओढत होता. कंदिलाचं काहीतरी झालं होतं. मग मला हळद आठवली. रस्त्यावरच्या पंपाजवळ यांना हळद कोणी दिली? हळद स्वयंपाकघरात असते.

पाचांत एक उंच, मान खाली घालून बसणारा होता. त्याला चहा दिला आणि म्हटलं, हळद कोणत्या बाईने दिली तेवढं सांग.

त्याने कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, दिवा विझला होता. माझ्या मांडीवर होता आणि मला डुलकी लागली."

पुढचं सगळं मग त्याने सांगितलं. घाट उतरून वघईच्या अलीकडे, सुरतेपासून अजून दोन-तीन तासांवर, आल्यावर विझलेला कंदील दिसला. परत किल्ल्याकडे जायला गाडी घाईत वळवली, तेव्हा कडेच्या दगडाला बंपर आपटला आणि रेडिएटर गळू लागला. कशीबशी एका चहाच्या टपरीपर्यंत आले. तिथे हळद मिळाली, पण गाडी चालण्याजोगी होईपर्यंत दुपार टळून गेली. परत चढून जाणं शक्य नव्हतं.

मी विचारलं, "काडेपेटी नव्हती?"

"तिघांच्या खिशात होती. पण गाडीवाला ऐकेना. म्हणे, काडीनेच पेटवायचा तर पांडेसऱ्यातच पेटवला असता की."

शेवटी टपरीवाल्या बाईनेच विचारलं, कशावरून भांडताय. ऐकून ती म्हणाली, माझ्या चुलीतला जाळ सासूच्या वेळेपासूनचा आहे, रात्री राख झाकून राखते, हवा तर घ्या. यांनी चपला बाहेर काढल्या आणि चुलीवरून कंदील पेटवला. उशीर का झाला असं वस्तीत कोणी विचारलं तर सांगायला म्हणून पंपाची गोष्ट रचली. तीच त्यांना धडकेच्या जागी घेऊन आली.

मालकाला जेव्हा कळलं की मित्र बोलला, तेव्हा तो माझ्यावर चिडला नाही, मित्रावर चिडला. मी त्याला समजावलं. तो कामगार दगावला तर तुला जेल होईल, लायसन जाईल, मुलांना शाळेत कोण नेणार?

तो म्हणाला, "आमच्या शेरीतल्या घराघरातल्या आजीबाया त्या ज्योतीवर घरचे दिवे लावून गेल्यात, साहेब. पाया पडल्यात. त्यांना मी काय सांगू?"

पीआय साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गोष्ट छान आहे, पण चूल साक्षीला आण. म्हणून मी आणि एक शिपाई डांगात, वघईकडे गेलो. टपरी सापडली. बाई वयस्कर, डांगी बोलणारी, तिची बोली आमच्या घरच्या अहिराणीच्या इतकी जवळ की दुभाषा लागला नाही. तिने पाचही जणांचं वर्णन केलं. ऊन उतरून गेल्यावर इथून गेले, म्हणाली. म्हणजे धडकेच्या वेळी ते इथेच होते. चुलीपुढे चपला काढणारी गिऱ्हाइकं तिने आधी कधी पाहिली नव्हती आणि ते सांगताना ती पदर तोंडाला लावून हसत होती. तिचा जबाब लिहिला, अंगठा घेतला. मी वाकून चूल पाहिली. कडेला पांढरी राख होती, आत लाल निखारे होते.

मालक सुटला. पण जबाब कागदावर आला होता, तो लपून राहणार नव्हता. मी पाचांना म्हटलं, कोर्टाच्या कागदांतून कळण्याआधी तुम्हीच सांगा.

त्याच संध्याकाळी शिवजयंती मंडळाच्या खोलीपुढे त्यांनी वस्तीला सांगितलं. मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. उंच पोरगा बोलला, मालक त्याच्या शेजारी उभा राहिला. मंडळाच्या जुन्या काकांनी तोंड फिरवलं. म्हणाले, मग आम्ही ओवाळलं तरी कशाला?

तेवढ्यात उंच पोराची आई पुढे आली. तिने लेकाला विचारलं, "त्या बाईच्या चुलीतून आणला ना?"

"हो, आई."

"मग गावाकडे आम्ही काय करायचो? चूल विझली की शेजारणीकडून इस्तव आणायचो. त्याला खोटा कोण म्हणत होतं?"

सगळ्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. दोन-चार घरांनी तो दिवा मालवला. बाकीच्यांनी तेल घातलं. शाळेच्या व्हॅनमध्ये पहिल्या आठवड्यात मोजकीच मुलं बसली, नंतर ती भरू लागली. धडक देणारी गाडी पुढे दुसऱ्या पथकाला सापडली. कामगार वाचला, थोडा लंगडत का होईना, कामावर गेला.

तोवर माझा हिशेब सरळ होता, की खोटं बोलतो तो गुन्हेगार. त्यानंतर कोणाचं खोटं सापडलं की मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: हे खरं बाहेर आलं तर कोणापुढे उभं राहणं तुला जड जाईल? बहुतेक माणसं आईचं, बायकोचं, एखाद्या मास्तरांचं नाव घेतात. ते नाव निघालं की बाकीचं सांगायला त्यांना फार वेळ लागत नाही.