शेणात कोपरापर्यंत

अकोल्याच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी हिवरखेडात माईक धरून उभी होते. बचत गटांच्या बायकांना गांडूळ खत शिकवत होते आणि नेमकी माझ्या ठेवणीतल्या गोष्टीवर आले होते... ताजं शेण घालून सगळी गांडुळं मारणाऱ्या जाऊबाईंची गोष्ट. फोन थरथरला, पुतण्याचं नाव दिसलं. काय ते मला कळलं. तरी मी गोष्ट पुरी केली, हशा घेतला आणि मगच फोन उचलला. इंदूबाई, माझ्या मोठ्या जाऊबाई, गेल्या होत्या.

त्या शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, मी बारावी शिकलेली. त्यामुळे आमच्या गांडूळ खताच्या बचत गटाची सचिव मी आणि शेणात हात त्यांचे, अशी वाटणी आपसूक झाली. पण खत साधायचं ते त्यांच्याच हाताला. वाफ्यावरचं गोणपाट उचलून त्या गांडुळांना "जेवले काय रे?" असं विचारायच्या. अंजनगाव सुर्जीचे पानमळेवाले खत न्यायला आले की माझ्याकडे बघायचेही नाहीत, सरळ "इंदूबाई कुठी आहे?" म्हणायचे. मला ते सहन व्हायचं नाही.

एकदा लेक बाळंत झाली म्हणून त्या चार दिवस अमरावतीला गेल्या. नवे वाफे भरून, गांडुळं सोडून, मला एकच काम सांगितलं, "नालीतलं पानी आटू नोको देजो, मुंग्या येतात." वाफ्याभोवतीच्या नालीत पाणी भरायचं, बस. मी कंटाळा केला. मुंग्या आल्या. मग घरात मुंग्यांची पावडर होती, ती मी वाफ्यांवर भुरभुरली, हातानं सारखी केली, वर पाणी शिंपडलं... बाई परत आल्या तेव्हा एकही गांडूळ जिवंत नव्हतं.

गटाची बैठक बसली. मी तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, "माहंच चुकलं. शेन थंड झालं नसन. मीच घाई केली." ताज्या शेणाच्या गरमीनं गांडुळं मरतात, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी म्हणालं, "इले लेकीकडे जायाची घाई, अन् आमच्या कामाचं वाटोळं!" मी सचिव. वहीत लिहिलं, चूक कबूल. बाईंना वाफ्यांवरून काढून झाडलोटीला लावलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात; मला तर बोंबही मारावी लागली नाही.

पुढे गट वाढला, मला गावोगावची बोलावणी येऊ लागली. बाईंना मी सोबत नेत असे, पुढच्या रांगेत बसवून त्यांचीच गोष्ट सांगत असे. "ह्याच त्या," म्हटलं की बायका खो-खो हसत. पदर तोंडाला लावून त्याही हसत. घरी परसात त्यांनी आपला एक वाफा केला होता, पण तो कायम रिकामा. शेण महिना महिना ठेवायच्या, रोज त्यात कोपरापर्यंत हात घालून बघायच्या, आणि तरी वाफ्यात टाकायला धजायच्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "तू शिकेल आहे, सांग न वं, हे थंड झालं काय?"

मी हातही लावला नाही. "अजून आठ दिवस थांबा, बाई. तुमचा काय भरवसा!"

दवाखान्यात शेवटचं भेटायला गेले ती सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. त्यांनी माझा हात धरला. "परसातलं शेन पाहून घेजो... मले आता समजत नाही." मी हो म्हटलं आणि सलाईनचे थेंब बघत बसले. सांगायची भीती वाटली असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण खरं सांगते, दोन दिवसांनी हिवरखेडला बोलायचं होतं, आणि त्या गोष्टीशिवाय माझं भाषण रंगत नाही.

तेरवी झाल्यावर परसात गेले. वाफा कोरडा, शेजारी शेणाचा ढीग. वरचा थर वाळला होता आणि त्यात बाईंच्या हाताचं भोक तसंच होतं. मी बांगड्या मागे सारल्या आणि त्या भोकातून कोपरापर्यंत हात घातला.

थंडगार होतं. पावडर सारखी करताना तुमच्या वाफ्यातलं शेण माझ्या बोटांना लागलं होतं, तेही असंच थंड होतं, बाई.