सासऱ्यांची गळती

माझ्या सासऱ्यांइतका छळवादी पेशंट अख्ख्या बंगळुरात नसेल, आणि असलाच तर त्याच्या जावयाला माझा साष्टांग नमस्कार सांगा. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म पाण्याच्या आणि वाफेच्या व्हॉल्व्हची गळती तपासली. निवृत्त होऊन मल्लेश्वरमच्या घरी बसले तरी तपासणी थांबली नाही. कुकरची शिटी, नळाचा वॉशर, माझ्या स्कूटरच्या चाकातली हवा, सगळ्याची वहीत नोंद होते, तारीख-वारासकट. सासूबाई म्हणतात, "मंगलाष्टकं चालली होती तेव्हासुद्धा हे घड्याळ बघत होते."

अशा माणसाच्या हृदयाचीच झडप गळायला लागली. छातीवर यंत्र फिरवून ती गळती पडद्यावर बघतात, त्या इको तपासणीत 'गळती तीव्र' असं आलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकायच्या आत झडप दुरुस्त करून घ्या. सासरे म्हणाले, "एका मापावर माल नापास करत नाहीत, जावईबापू." मग मी रजा टाकून त्यांना पुन्हा नेलं. तिथे हे रंग कसले, रेघ कुठून धरली, यंत्र शेवटचं कधी तपासलं, अशी त्यांनी तपासणाऱ्या मुलीचीच उलटतपासणी घेतली. ती बिचारी शेवटी म्हणाली, "अंकल, स्वल्प सुम्मने इरी!" गप्प बसा, असं त्यांना सांगायची हिंमत आमच्या घरात आजवर कुणाची झालेली नाही. त्या खेपेला गळती मध्यम निघाली. तिसऱ्या खेपेलाही मध्यम. "दोनास एक!" म्हणून सासऱ्यांनी रिक्षात मांडीवर थाप मारली, आणि ऑपरेशन लांबणीवर पडलं.

जिना चढताना त्यांना लागणारी धाप मात्र मध्यम नव्हती. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या नोंदी मागितल्या, म्हणून मी त्यांची वही उघडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीच्या सकाळी सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'दाबाची गोळी एकाऐवजी दोन. दाब उतरला.' दाब उतरला की गळती कमी दिसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझं डोकंच फिरलं. जिवाशी खेळ करायचा, लबाडी करायची, आणि तीही वहीत लिहून ठेवायची! मी वही त्यांच्यापुढे आपटली. ते चष्मा काढून पुसू लागले.

"मापात फेरफार आयुष्यात केला नव्हता," ते म्हणाले. "छाती उघडणार म्हणाले ना. भीती वाटली हो."

काल नेहमीची एकच गोळी घेऊन ते चौथ्यांदा त्या टेबलावर डाव्या कुशीवर निजले. मुलीने यंत्र फिरवलं, पडद्यावर रंगांचा मोठा झोत उसळला, आणि तिने 'तीव्र' लिहिलं. सासऱ्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली. शर्टाची बटणं त्यांनी वरखाली लावली, म्हणून ती मी पुन्हा लावली. या माणसाच्या वादावादीला मी किती वैतागलो होतो. काल मात्र फार वाटलं, त्यांनी निदान एकदा तरी भांडायला हवं होतं.