जाईबाईंच्या पायातली ऊब

जाईबाई परळच्या एका मोठ्या इस्पितळात आया होत्या. अँजिओग्राफीच्या खोलीत त्यांची एकवीस वर्षं गेली. पेशंटला वॉर्डातून ट्रॉलीवर आणायचं, त्याचा चष्मा, कवळी, मंगळसूत्र काढून रुमालात बांधून ठेवायचं, टेबलावर निजवायचं आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचा हात धरून उभं राहायचं. हे शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण ती खोली थंडगार, त्यात यंत्राचा तो मोठा वाकडा हात अंगावर झुकलेला. भलीभली माणसं तिथं लहान होऊन जात. जाईबाई कानाशी वाकून म्हणत, "औषध सोडलं की अंगातून ऊन फिरल्यावानी वाटंल. भ्यायचं नाय. लगेच जातं ते." मग त्या काचेआड जात.

काचेआड पडदा होता. आधी त्यावर हाडं दिसत. मग यंत्र हाडं पुसून टाकी आणि राखाडी पोकळीत नुसत्या रक्तवाहिन्या उमलत जात, पाण्यात शाई सोडावी तशा. जाईबाईंना शास्त्र कळत नसे, पण कुठं वाहतंय आणि कुठं अडलंय हे बघून बघून ओळखू येई. कधी कधी चाळीत परतल्यावरही डोळे मिटले की त्या फांद्या हलत राहत.

त्या वरळीच्या बीडीडी चाळीत राहत. नवरा, बुधाजी, गिरणी बंद पडल्यावर चार वर्षांत गेला, तेव्हापासून इस्पितळ. वरळी ते परळ जाणंयेणं पायी. सत्तावन्न वय झालं तरी मोडलं नव्हतं ते. दुसरी एक सवय होती मिशरीची, भाजलेल्या तंबाखूची ती पूड पंधराव्या वर्षापासून दिवसातून तीनदा दातांना लावायची.

गेल्या वर्षी उजवी पोटरी धरायला लागली. वाटेवरच्या पुलाच्या चढावर गोळा यायचा, दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा. थोड्या दिवसांनी सपाट रस्त्यावरही यायला लागला. रस्त्यात नुसतं उभं राहायची लाज वाटे, म्हणून जाईबाई दुकानांच्या काचा बघत. घड्याळं बघितली, सोफे बघितले, नवऱ्यामुलांचे कोट बघितले. सुनेनं, रश्मीनं एकदा त्यांना रस्त्यापलीकडून पाहिलं आणि घरी विचारलं, "आई, तुम्हाला कोट घ्यायचाय की काय कुणाला?" जाईबाई नुसत्या हसल्या. रात्री अंगठा बर्फासारखा लागायचा. मग त्यावर एक जखम झाली, ती काही केल्या भरेना.

सुशांतनं पकडलं त्यांना. तो तिथलाच टेक्निशियन, बारा वर्षं त्यांच्याबरोबर काम करणारा. म्हणाला, "मावशी, तुम्ही ट्रॉली ढकलत नाही, ट्रॉलीला टेकून चालताय."

"वय झालं रे."

"पाय दाखवा."

"राहू दे. जेवून घे तू."

तो जेवला नाही. रक्ताचं वाहणं ऐकवणाऱ्या डॉपलरच्या खोलीत नेऊन त्यांना निजवलं, पायावर थंड जेली लावली आणि ते छोटं यंत्र मांडीवरून खाली सरकवायला लागला. आवाज आला. फस्स, फस्स, लाटेसारखा. जाईबाई डोळे मिटून ऐकत होत्या. आपल्या आत एवढं काही चाललंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्याच्या वर आवाज थांबला. खाली, घोट्यापाशी, पुन्हा लागला, पण दूर कुणी कुजबुजावं तसा. सुशांतनं यंत्र पुन्हा गुडघ्याच्या वर नेलं. जाईबाईंनीच विचारलं, "अडलंय नव्हं?"

आठवड्याभरात त्या स्वतः त्या टेबलावर होत्या. रुमालात त्यांचा वाचायचा चष्मा रश्मीनं बांधून घेतला. उजव्या पायाकडे पलीकडून जायचं म्हणून डाव्या जांघेत भूल देऊन बारीक नळी आत घातली, तेव्हा नुसतं कुणी ढकलल्यासारखं वाटलं. झोपेचं थोडं औषध दिलं होतं. छत तरंगत होतं. सुशांत आत येऊन हात धरून म्हणाला, "आता ऊन पडल्यासारखं... म्हणजे, तुम्ही म्हणता ना तेच."

"नीट सांग," जाईबाई पुटपुटल्या. तो काचेआड गेला.

आणि ते आलं. मांडीतून गरम काहीतरी उतरत गेलं, गुडघ्याशी पोचलं आणि तिथंच विरलं. काचेआडच्यासारखाच एक पडदा टेबलाजवळ, त्यांच्या बाजूलाच होता. मांडीतली मोठी वाहिनी एकाएकी तुटलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी केसासारख्या असंख्य बारीक वाटा निघून खाली पुन्हा एकत्र आलेल्या.

"हे बघा," टेबलाशी नळी धरून उभ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मुख्य रस्ता बंद झाला तर शरीरानं गल्ल्या काढल्या. तुम्ही रोज चालत राहिलात, त्यानंच हा पाय तगलाय."

जाईबाई त्या गल्ल्यांकडे बघत राहिल्या. आपलंच शरीर, आपल्याला न विचारता, इतके महिने खपत होतं. त्यांना त्याची थोडी कणव आली.

मग नळीतून एक बारीक तार सरकवली, तिच्यावरून फुगा आत गेला, अडलेल्या जागी फुगला. खोल कुठंतरी दुखलं, त्यांनी ओठ दाबले. फुगा काढला. पुन्हा औषध सोडलं. या वेळी ऊब थांबली नाही. गुडघा ओलांडला, पोटरी भरली, घोट्याला वळसा घालून पावलात आली, आणि वर्षभर मेल्यासारख्या पडलेल्या अंगठ्यात जाऊन बसली. बाकीच्यांना ज्या गरमीची भीती वाटायची, ती जाईबाईंना इतकी गोड लागली की त्या रडायला लागल्या.

"दुखतंय का?" मॅडमनी घाबरून विचारलं.

"नाय ओ. पोचलं."

जखम भरायला दोन महिने लागले. मिशरी सोडायला त्याहून जास्त. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, मिशरी चालू राहिली तर पुन्हा याच टेबलावर याल. तरी एकदा पावडर तळहातावर घेतलीच. रश्मीनं पाहिलं, पण ती भांडली नाही, नुसती समोर बसून राहिली. जाईबाईंनी मोरीत हात धुतला. रोजचं चालणं, रक्त पातळ ठेवायची गोळी आणि दर सहा महिन्यांनी डॉपलर, एवढं आता जन्माला चिकटलं.

सहा डिसेंबरला सासूसुना चालत दादरला गेल्या, चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या राहिल्या. समुद्राकडून वारा येत होता. पुढं नागपूरकडची एक म्हातारी पोटरी चोळत उभी होती. जाईबाई खाली बसल्या, तिची चप्पल काढली, पावलावर तळहात ठेवला, मग दोन बोटं घोट्याच्या आतल्या बाजूला टेकवून थोडा वेळ थांबल्या.

"काय पाहते गं बाई?" म्हातारीनं विचारलं.

"गरम हाय पाऊल. नाडी लागते. नुसता प्रवासाचा शीण हाय तुमचा," जाईबाई म्हणाल्या, आणि रश्मीला म्हणाल्या, "पाणी दे गं त्यांना."